कडेला चार मिलिमीटर

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी कुणाचं ऐकलं नाही. त्यामुळे अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांना समजत नाही की समजून घ्यायचं नाही, हे सांगणं भल्याभल्यांना जड गेलं. वाचा गेली होती, उजवा हात गेला होता. तोंडातून फक्त 'हं हं' यायचं, आणि तेही सगळ्यालाच. भूक लागली का? हं हं. दुखतंय का? हं हं. तुम्ही घोडा आहात का? हे मीच एकदा चिडून विचारलं होतं. हं हं.

बोलायला शिकवणारी एक बाई महिन्यातून एकदा घरी यायची. आम्ही आपसात तिला वाचाबाई म्हणायचो. पहिल्या दिवशी तिने पिशवीतून चेंडूचं आणि बदकाचं चित्र काढलं. सासूबाईंनी चेंडूकडे बघितलं, बदकाकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. खरं सांगायचं तर मला मनातून बरं वाटलं. सत्तरीच्या बाईला बदक दाखवायचं म्हणजे काय?

"मग घरीच कार्डं करा," वाचाबाई म्हणाली. "त्यांच्या रोजच्या शब्दांची. मोठ्या अक्षरात छापा, लॅमिनेट करा, म्हणजे सांडलं-लवंडलं तरी टिकतील. रोज दोन-दोन समोर ठेवायची, एक विचारायचं. बरोबर उचललं तर या तक्त्यावर बरोबरची खूण, नाहीतर फुली."

तक्ता तिने दिला. नवऱ्याने लॅमिनेशनचं मशीन आणून टेबलावर ठेवलं आणि खोकं नीट घडी करून माळ्यावर टाकलं. त्याच्या वाटणीचं काम संपलं. बाकी सगळं मी.

मी चष्म्याच्या दुकानात अकरा वर्षं काम करत होते. फ्रेममध्ये काच बसवायची तर केसाएवढी फट चालत नाही, आणि माझ्या हातून ती कधी राहिली नाही. सासूबाई पडल्या तेव्हा ती नोकरी सोडली. कुणी सोड म्हणालं नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघत राहिले.

सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. त्यांनी तीस वर्षं पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवला. गल्लीत सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. क्लासमध्ये त्या फार बोलत नसत. बोलणं त्या घरच्यांसाठी राखून ठेवायच्या. मुलीने शिवलेलं आणून दिलं की त्यांचा अंगठा कामाला लागायचा. शिवणीवरून, कडेवरून सावकाश फिरायचा. काम बरं असलं तर बाजूच्या ढिगावर जायचं. कडेला कापड कमी सोडलेलं असलं तर पालथ्या हाताने टेबलावरून खाली. म्हणजे, उचल आणि घरी जा. पण कधीतरी, एखादीच्या बाबतीत, ते बिघडलेलं काम त्या तिच्या मांडीवर ठेवायच्या आणि दोन बोटांची कात्री करून दाखवायच्या. म्हणजे, उसव आणि पुन्हा कर. पोरी त्या दोन बोटांसाठी जीव टाकायच्या. ज्यांना ती दिसली, त्याच पुढे टिकल्या.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी एक उशीचा अभ्रा शिवून दाखवायला नेला होता. हौस दांडगी. अभ्रा टेबलावरून खाली गेला. एकोणीस वर्षं झाली त्याला. मी पुन्हा सुई हातात धरली नाही.

तर कार्डं. पहिल्या दिवशी मी फक्त चार केली: पाणी, औषध, संडास, दुखतंय. सूचनांच्या कागदावर होतं तसंच केलं. जाड कागदावर छापलं, शाई वाळू दिली, चारही कार्डं आधी कापून घेतली. मग ती दुपदरी प्लास्टिकच्या पाऊचमध्ये एकमेकांपासून अंतर सोडून मांडली, मशीनचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबले आणि पाऊच बंद बाजूने आत सरकवलं. दुधी प्लास्टिक पलीकडून काचेसारखं बाहेर आलं, गरम, जरा जळका वास असलेलं. मग प्रत्येक कार्डाभोवती चार मिलिमीटर प्लास्टिक सोडून कापलं, कोपरे गोल केले. असं केलं की वरचं आणि खालचं प्लास्टिक एकमेकांना चिकटतं आणि कड बंद होते. चार कार्डांना अख्खी दुपार गेली.

उरलेली सोळा करताना मी शॉर्टकट मारला. एका पानावर आठ शब्द, अशी दोन पानं. अख्खं पान मशीनमधून काढायचं, पट्टी ठेवून रेघेवर सपासप कापायचं. अर्ध्या तासात काम फत्ते. अशा कार्डाची कड उघडी राहते, नखाने उकलते, हे मला ठाऊक होतं. पण म्हटलं, कोण बघतंय?

खिडकी, पंखा, चादर, उशी, चष्मा, रेडिओ, सूप, मुलगा, मुलगी, सून, बाहेर, झोप, थंडी, दिवा, पुरे, नको. मी शब्द निवडायला बसले तेव्हा एक क्षण मजाच वाटली. ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा एकोणीस वर्षं थांबला नाही, तिच्या तोंडी आता वीसच शब्द, आणि तेही मी दिलेले. 'नको' द्यावा की नाही यावर मी बराच विचार केला. दिला शेवटी.

दीड महिना रोज सकाळी पलंगावरच्या ट्रेमध्ये दोन-दोन कार्डं मांडली. रोज तेच. पाणी, औषध, संडास, दुखतंय या चारांवर खूण. बाकी सोळांवर फुली. त्या ती उचलायच्याच नाहीत. पालथ्या हाताने ढकलायच्या, ती जमिनीवर पडायची, मी वेचायचे. 'सून' ढकललं तेव्हा मला नवल वाटलं नाही. पण 'मुलगी'सुद्धा ढकललं. वाचाबाईने तक्ता बघितला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "चारच शब्दांची समज उरलीय बहुतेक. याच्या पुढे फार आशा ठेवू नका."

शहराबाहेर आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती. समज नसलेल्यांचा तिथे वेगळा विभाग होता, दाराला बाहेरून कडी असलेला. मी बघून आले होते. स्वच्छ होता. सगळ्या संस्थेत तिथलाच एक पलंग रिकामा होता आणि तो सोमवारपर्यंत धरून ठेवू म्हणाले. चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईही म्हणाल्या होत्या, "सोमवारपर्यंत सांग बाई, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल." नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू आणि ताई काय ते ठरवा."

ताई म्हणजे माझी नणंद. लांब राहते, रविवारी फोन करते.

"वहिनी, आई स्वतः हो म्हणाली तर मी एक शब्द काढणार नाही," ती फोनवर म्हणाली. "पण तिला कळतच नसेल तर तिच्या वतीने हो म्हणणारी तू कोण?"

मी ती, जी तिला दिवसातून सहा वेळा संडासला नेते, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. ती म्हणाली, रविवारी येते, समोरासमोर बोलू.

शनिवारी दुपारी सूपची वाटी ट्रेमध्ये, कार्डांच्या गठ्ठ्यावरच कलंडली. मी कार्डं तशीच त्यात तरंगत ठेवून आधी चादर बदलली, सासूबाईंचे कपडे बदलले, मग ट्रे मोरीत नेला. कार्डं धुवायला घेतली तर एकेक कार्ड हातात उकलायला लागलं. सूप आत शिरलं होतं, शाई पसरली होती. 'खिडकी'चा निळा डाग झाला होता. मी ती एकेक करून कचऱ्यात टाकत गेले. शेवटी चार उरली. पुसली की नव्यासारखी. पाणी, औषध, संडास, दुखतंय.

नळ वाहत होता.

चार. तीच चार. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एकोणीस वर्षं मी त्या अंगठ्याला ओळखत होते. पालथ्या हाताची ती ढकल माझ्या स्वतःच्या अभ्र्याने खाल्ली होती. आणि दीड महिना समोर बसून मला दिसलं नाही की ही बाई शब्द ढकलत नाहीये, वाईट कापलेलं ढकलतेय.

नळ बंद केला आणि 'खिडकी' पुन्हा छापलं. आधी कापलं, अंतर सोडलं, मशीनमधून काढलं, चारही बाजूंनी चार मिलिमीटर. ट्रेमध्ये ठेवलं. विचारलं काहीच नाही. सासूबाईंचा डावा अंगठा कार्डाच्या कडेवरून फिरला; एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. मग त्यांनी कार्ड उचललं. खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा खिडकीकडे बघितलं. कार्ड ट्रेवर दोनदा आपटलं.

खिडकी बंद होती. दीड महिना बंद होती, कारण मला वाटलं होतं त्यांना वारा सोसत नसेल.

मी खिडकी उघडली, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. कुणाला वाटेल कीव आली म्हणून. छे! राग आला होता, नुसता राग. पहिल्यांदाच नीट का नाही केलंस, एवढं मला सुनावण्यासाठी या बाईने स्वतःला दीड महिना वेडी ठरवून घेतलं! कोंडवाड्यात जायची वेळ आली तरी वाईट कापलेल्या कार्डाला हात लावला नाही. असला ताठा मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

संध्याकाळपर्यंत सोळाच्या सोळा कार्डं नव्याने केली. इथवर माझं वागणं चांगल्या सुनेचं होतं. यापुढचं सांगायला जीभ जड होते, पण सांगते.

मशीन गरम होतं आणि पाऊचमध्ये दोन कार्डांची जागा उरली होती. माझ्या मनात आलं, आता सासूबाईंना सगळं कळतं हे उद्या सिद्ध होईल. म्हणजे त्यांनी दिलेलं उत्तरही सगळ्यांना मानावं लागेल, नणंदेलासुद्धा. मी दोन नवी कार्डं छापली. एकावर 'इथेच राहायचं', दुसऱ्यावर 'संस्थेत जायचं'. संस्थेचं कार्ड मी आयुष्यात कापलं नसेल इतकं सुंदर कापलं. चारही बाजूंना सारखी कड, कोपरे नाण्यासारखे गोल. मग 'इथेच राहायचं' हातात घेतलं आणि पट्टी कागदाच्या अगदी काठाला लावून ब्लेड ओढलं. चारही बाजूंनी उघडं. वर एक कोपरा तिरका.

हात चुकला, असं मी आजही म्हणू शकते. हात चुकला नव्हता. ही बाई काय उचलते आणि काय ढकलते, हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी त्याचा वापर केला. उत्तर त्यांचंच होणार होतं. मी फक्त कापणार होते.

रविवारी नणंद आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. नवरा खुर्ची ओढून दाराजवळ बसला, निघायला सोपं पडावं म्हणून. मी ट्रे ठेवला आणि म्हणाले, "तूच विचार, ताई. काहीही विचार."

"आई, चष्मा कुठला?" तिने घाबरत विचारलं.

सासूबाईंनी 'चष्मा' उचललं.

"रेडिओ?"

रेडिओ उचललं. उशी उचललं. पंखा उचललं आणि मुलाकडे बघायला लागल्या. तो गडबडून उठला आणि पंखा लावला. नणंद हुंदके द्यायला लागली. "वहिनी, हिला सगळं कळतंय गं! आई, मी कोण? मी कोण सांग ना!" सासूबाईंनी 'मुलगी' उचलून तिच्या हातात दिलं. तिने आणखीच भोकाड पसरलं. त्यावर सासूबाईंनी ट्रेमध्ये शोधून 'पुरे' उचललं आणि तेही तिच्या हातात दिलं. नवरा मोठ्याने हसला. मीसुद्धा हसले. आणि हसता हसता लक्षात आलं की आता ती दोन कार्डं काढायची वेळ झाली.

"आता मुख्य ते विचारू," मी म्हणाले. "आई, तुम्हीच सांगा. कुणी तुमच्या वतीने बोलणार नाही."

दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली.

सासूबाईंनी दोन्ही वाचली. डोळे या कार्डावरून त्या कार्डावर गेले, परत आले. मग अंगठा निघाला. आधी संस्थेच्या कार्डावर. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. त्यांनी मान किंचित हलवली. क्लासमध्ये काम पास झालं की हलायची, तशीच. माझ्या कामाला ती मान पहिल्यांदा हलली, आणि ती या कार्डाला.

मग अंगठा दुसऱ्या कार्डावर गेला. पहिल्याच बाजूला नख अडकलं. प्लास्टिक जरा उचललं गेलं. अंगठा तिथेच थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

तसं मला आजवर कुणी बघितलेलं नाही. राग असता तर मी तोंड दिलं असतं, रागाला मी रागाने पुरून उरते. त्या नुसत्या वाचत होत्या मला, कार्ड वाचावं तसं. मला वाटलं आता ते कार्ड खाली जाणार, आणि मला हवं होतं ते होणार, आणि मी यातून आयुष्यात कधी सुटणार नाही.

पालथा हात उठला. संस्थेचं कार्ड, ते सुंदर कापलेलं, गोल कोपऱ्यांचं, पास झालेलं कार्ड ट्रेवरून घसरलं आणि फरशीवर टप् करून पडलं. आणि तीस वर्षांत ज्या बाईने एक तिरका टाका चालवून घेतला नाही, तिने ते उसवलेलं, उघडं, तिरकं कार्ड उचलून छातीशी धरलं.

"बघ!" नणंद माझ्याकडे वळून म्हणाली. "बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणाले.

संध्याकाळी नवरा बहिणीला स्टेशनवर सोडायला गेला. खोलीत आम्ही दोघीच उरलो. खिडकी उघडी होती. खाली कुणीतरी सायकलची घंटी तपासत होतं, पुन्हा पुन्हा. सासूबाईंनी ते कार्ड अजून सोडलं नव्हतं. अंगठ्याने उकललेली कड दाबून बसवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि ती बसत नव्हती.

"मुद्दाम कापलं मी ते तसं," मी म्हणाले.

अंगठा थांबला.

"तुम्हाला कळलंच आहे म्हणा. मला कामावर जायचंय, आई. मी थकलेय. मला तुमचा कंटाळा आलाय, तुमच्या पलंगाचा, या तक्त्याचा. तुम्हाला तिथे कडीच्या मागे ठेवून मी दुकानात काचा पुसत बसणार होते, आणि लोकांना सांगणार होते की त्याच हो म्हणाल्या." एवढं एका दमात बाहेर पडलं. मग लाज वाटली. इतकी वाटली की मी ट्रेवरची कार्डं उगाच जुळवायला लागले.

त्या 'हं हं' म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला गठ्ठा ओढून घेतला, एकेक कार्ड मागे टाकत गेल्या आणि एक काढून ट्रेवर आपटलं. 'मुलगा'.

"तो स्टेशनवर गेलाय."

पुन्हा आपटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, मंद विद्यार्थिनीपुढे मिटायच्या तसे, आणि तिसऱ्यांदा आपटलं.

"त्याने करायचं? मी कामावर जायचं आणि त्याने करायचं?"

"हं," त्या म्हणाल्या. एकदाच.

तो करेल की नाही, मला सांगता येत नव्हतं. उद्या दुकानात फोन करून काय बोलायचं, तेही ठरलं नव्हतं. एक खोकं घडी करून माळ्यावर टाकणाऱ्या माणसाला आईचं अंथरूण बदलायला लावायचं म्हणजे मला आणखी किती भांडावं लागणार होतं, देव जाणे. मी तसं बोलूनही दाखवलं. सासूबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी पलंगाच्या काठावर हात थोपटला. मी बसले.

त्यांनी ते तिरकं कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. मग डावा हात वर केला, दोन बोटं वेगळी केली आणि माझ्या डोळ्यांसमोर मिटली, उघडली, मिटली.

त्यांनी कोपराने मला ढोसलं तेव्हा उठले.

टेबलाशी जाऊन मशीनचं बटण दाबलं. ते तापायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात मी 'इथेच राहायचं' पुन्हा छापलं, कापून घेतलं आणि पाऊचमध्ये मांडताना चारही बाजूंना पट्टीने मोजून जागा सोडली.